हायपोची ऊब

आमच्या ह्यांचा, म्हणजे नाथाजीरावांचा, रहिमतपुरात फोटोचा धंदा. पेठेत एक खोली, मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं आणि तळ्यात हंस. लढाई सुरू झाली तसं त्या पडद्यापुढं उभं राहायला सगळा मुलूख यायला लागला. पोरगा पलटणीत निघाला की त्याचा फोटो, बायको मागं राहिली की तिचा फोटो. धंदा बरा चालला व्हता, पण माणूस घरात असून नसल्यासारखा. सारा दिवस अंधाऱ्या खोलीत, आणि बाहेर आला की अंगाला औषधांचा वास. मी म्हणायची, आवं, न्हाणी घरातच हाय, कवातरी तिकडं वाट वाकडी करा की.

फोटो पक्का करायला एक खार लागतो. हायपो म्हणत्यात त्याला. दिसायला खडीसाखर. तो तापवला की आपल्याच अंगच्या पाण्यात विरघळतो, वरनं थेंब घालावा लागत न्हाई, आणि निवला की पुन्हा दगडागत गोठतो. हे ह्यांना कळलं ते माझ्यामुळं. मी एकदा हायपोचा डबा चुलीच्या कडेला, ऊबदार भाणशीवर ठेवला आणि आतलं सगळं पातळ झालं. लय बोलले मला. बोलता बोलता डबा हातात घेतला तो खाली ठेवायचं नाव न्हाई. शेजारचा ऊन पाण्याचा तांब्या गार होऊन गेला, तरी डबा आपला ऊबदारच. तवापासनं हा बाबा थंडीत हायपोची बाटली अंथरुणात घेऊन झोपायला लागला, शेजारी धडधाकट बायको असताना. सांगायचीसुद्धा लाज वाटती.

ह्यांचं म्हणणं असं, की तापलेलं पाणी उतरतच जातं. हायपोचं तसं न्हाई. वितळताना तो लय ऊब पिऊन घेतो, आणि गोठायला लागला की तीच ऊब हळूहळू बाहेर सोडतो. सगळा गोठून होईपर्यंत बाटलीची ऊब हलत न्हाई. मी म्हणलं, असंल. तुमचा हायपो तुम्हाला लखलाभ.

पौषातली गोष्ट ही. आमच्या शेजारची साळूबाई अवेळी बाळंत झाली. तिचा नवरा हंबीरराव पलटणीबरोबर तिकडं इटलीत, घरात ती आणि तिची सासू अंबूबाई, दोघीच. आठवा नुकता लागला व्हता. पोरगी एवढीशी, ओंजळीत मावंल अशी. रडणं म्हणावं तर रडणं न्हाई, मांजराच्या पिलागत नुसता बारीक आवाज. मला बघवंना.

गावातले डॉक्टर आले, भला माणूस, खाली बसून नीट तपासलं त्यांनी. म्हणाले, "हिला अंगची ऊब धरायची ताकद अजून आलेली नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात न्या. तिथं सोय आहे. पण वाटेत गार पडू देऊ नका. गार पडली तर हाती लागणार नाही."

आता न्यायची कशी? पेट्रोल लढाईवर गेलं व्हतं. गावातली कोळशावर चालायची ती मोटार आठवडाभर धूर काढत जागच्या जागी उभी. आगगाडी साताऱ्यापासनं लांब, सातारा रोडला सोडणार, तिथनं पुढं पुन्हा बैलगाडीच. मग केरबा गाडीवानाला सांगितलं, सरळ इथनंच गाडी जुंप. त्यानं खाली गवत अंथरलं, वर ताडपत्री बांधली. तेवढ्यात अंबूबाई निखाऱ्याची शेगडी घेऊन गाडीपाशी हजर.

केरबा म्हणाला, "मावशी, गवताच्या गाडीत इस्तू? बैल सुटून पळत्याल. आपून कुठं पळायचं?"

"मग पोरीला शेक कशाचा देऊ रं? तुझ्या तोंडाचा?"

"धुरानं गुदमरंल की ती."

अंबूबाईला ते पटत व्हतं, म्हणूनच तिचा राग वाढत व्हता. गरम पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात तर त्या अर्ध्या वाटंतच गार, आणि वाटंत घडोघडी चूल कोण मांडणार. तवा आमचे हे आत गेले आणि हायपोचा डबा घेऊन आले. भरलेला डबा. लढाईमुळं तो माल कुठं मिळत नव्हता, मुंबईला किती चिठ्ठ्या पाठवल्या तवा एक डबा हाती आला व्हता, आणि त्यातला खडा खडा हे सोन्यागत जपून वापरायचे. तो सगळा डबा ह्यांनी माझ्या पातेल्यात रिकामा केला. मला त्या घडीला ह्या माणसाचा लय अभिमान वाटला. बोलून दाखवलं न्हाई. बोललं की चढतो.

हायपो वितळला. ह्यांना कुठलंही औषध गाळल्याशिवाय चैन पडत न्हाई, कचऱ्याचा कण राहिला तर फोटोवर डाग पडतो म्हणत्यात. त्यात हे तर पोरीसाठी. मलमलीतनं एकदा गाळला, पुन्हा गाळला, जाड काचेच्या बाटल्यांत भरला, बाटल्यांची तोंडं फडक्यानं लख्ख पुसली आणि बुचं मारली. मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बाटल्यांना गुंडाळल्या, आपल्या गालाला लावून बघितल्या. चटका बसंना इतपत पट्ट्या झाल्यावर दुरडीत कापूस घातला, कापसात पोरगी, आणि तिच्या दोन अंगाला आणि पायाशी बाटल्या.

साळूबाई गवतावर पडली व्हती, ताडपत्रीकडं तोंड करून. मी म्हणलं, "साळू, दुरडी कुशीला घेतीस का?"

"नको आक्का. माझ्यापाशी नको." तिनं मान वळवली न्हाई. "पहिला माझ्या मांडीवरच गेला. हिला मी बघणारसुद्धा न्हाई."

तिला पहिला मुलगा झाला व्हता, तो बारशाच्या आत गेला, हे मला ठावं व्हतं. मांडीवर गेला हे ठावं नव्हतं. मी दुरडी माझ्या मांडीवर घेतली, अंबूबाई सुनेच्या पायाशी बसली, आमचे हे केरबाच्या शेजारी पुढं, आणि गाडी निघाली.

सकाळचं ऊन व्हतं पण नावाला. माळावरनं वारं असं येत व्हतं की कानाला ठणका लागावा. मी पदर दुरडीवर धरून बसले व्हते आणि मधनं मधनं हात आत घालून चाचपत व्हते. पहिल्यांदा बाटल्या छान गरम. मग कोमट. मग मी हात घातला तर बाटल्या गार, नदीच्या पाण्यागत गार. पोरीच्या पावलांना हात लावला तर तीही गार पडायला लागलेली, आणि तो मांजरागत आवाज बंद.

माझा हात थांबलेला साळूनं ओळखला. तोंड तिकडंच ठेवून तिनं विचारलं, "गार पडली का, आक्का?"

"बाटली गार पडलीय. पोर न्हाई."

तिची पाठ तेवढी हलली.

"गाडी थांबवा," मी म्हणलं. दुरडी पोटाशी घेऊन वरनं माझी शाल लपेटली. हे मागं आले. बाटली उजेडात धरली, हलवली. आत पाण्यासारखं पातळ. ह्यांचं तोंड उतरलं.

"अगं, हा गोठलाच न्हाई. गोठल्याशिवाय ऊब सोडणार न्हाई तो. वितळताना घेतलेली ऊब अजून सगळी आत कोंडलेलीच हाय."

"मग गोठत का न्हाई?"

"तेच कळंना. घरात दर वेळेला गोठतो की."

आता मात्र माझं डोकं फिरलं. एवढीशी पोर माझ्या पोटाशी गार व्हायला लागलेली, आणि हा माणूस बाटली हलवत कोडं सोडवत बसलाय. जे तोंडाला आलं ते बोलले. "घरात कुठं दोन दोनदा गाळता? आज गाळून गाळून त्याचं विरजणसुद्धा ठेवलं न्हाई तुमी. बिनविरजणाचं दूध चार दिवस ठेवलं म्हणून त्याचं दही लागतं का?"

मी आपली रागानं बोलून गेले. पण हे माझ्याकडं टकामका बघायला लागले. "विरजण," असं पुटपुटले. घरच्या बाटलीत तळाला नाहीतर तोंडाशी एखादा न वितळलेला खडा असायचाच, तो धरून बाकीचा हायपो गोठायचा. आज ह्यांनी एक कण मागं ठेवला नव्हता.

"खडा पायजे. नखाएवढा जरी असला तरी चालंल."

डबा तर घरी, आणि तोही रिकामा. हे इकडं तिकडं बघायला लागले आणि बघता बघता आपल्याच बाहीवर नजर थांबली. हा काळा लोकरी कोट थंडीभर ह्यांच्या अंगावर, त्याच कोटात अंधाऱ्या खोलीतलं काम. हायपोचं पाणी उडून उडून बाहीच्या कडेला पांढरं खरपूड धरलेलं. त्या खरपुडीवरनं मी ह्यांना रोज दोन शब्द ऐकवायची, आणि हे रोज ऐकून सोडून द्यायचे. ह्यांनी बुच काढलं आणि नखानं ती खरपूड बाटलीत खरवडली.

कण पातळ हायपोत पडला आणि तिथनं पांढऱ्या सुया निघाल्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या पसरत पसरत तळापर्यंत गेल्या. मी बाटली हातात घेतली. विस्तव न्हाई, चूल न्हाई, आणि गार बाटली माझ्या हातात तापत चाललेली. मला भ्यावच वाटलं. अंबूबाईनं हात लावून बघितला आणि हात मागं घेऊन कपाळाला लावला. केरबा नुसताच म्हणाला, "आयला."

"बघत काय बसलीस? ठेव पोरीपाशी," हे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं बोलणं मी उलट उत्तर न देता ऐकलं. दुसरी बाटली, तिसरी बाटली, सगळ्यांना विरजण लावलं. पट्ट्या गुंडाळल्या, गालाला लावून बघितल्या, पोरीच्या अंगाला लावल्या. तिची पावलं मी माझ्या मुठीत धरून बसले. गाडी चालायला लागली. मी देवाला काय काय बोलले ते सांगत न्हाई.

हळूहळू माझ्या मुठीतली पावलं ऊन व्हायला लागली. आधी टाचा, मग बोटं. आणि कृष्णेच्या उताराला गाडीला हिसका बसला तशी पोरगी रडली. आधीसारखी न्हाई, चांगली तोंड उघडून, चिडून रडली. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतनं पाणीही यायला लागलं, दोन्ही एकदमच.

साळूनं मान वळवली. "ती रडली?"

"तीच रडली. मी काय एवढ्या बारीक आवाजात रडती?"

साळू माझ्या मांडीवरच्या दुरडीकडं बघत राहिली. पोरगी रडायची थांबंना. मग साळूनं कोपर टेकून अंग उचललं, तिला ते जड जात व्हतं, अंबूबाईनं पाठीला हात दिला. "आणा हिकडं," साळू म्हणाली. मी पोरगी कापसातनं काढून तिच्याकडं दिली. तिनं चोळीची गाठ सोडली आणि तिला तशीच उघडी छातीला लावली. वर मी शाल घातली, बाटल्या दोघींच्या बाजूनं लावल्या. अंबूबाई सुनेच्या पाठीला आपली पाठ देऊन वाऱ्याच्या अंगाला बसली. आमचे हे पुढं तोंड करून बसले ते मागं वळले म्हणून न्हाईत, पण ह्यांचे कान इकडंच व्हते.

साताऱ्याला पोचलो तवा बाटल्या गोठून पांढऱ्या झालेल्या, आता कुठं गार पडायला लागलेल्या. दवाखान्याच्या दारात नर्सबाई पळत आल्या, गाडीवर वाकल्या आणि पोरीला घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढं केले. साळूनं शाल घट्ट धरली. सकाळी हिला बघणारसुद्धा न्हाई म्हणालेली ती. नर्सबाईंचे हात तिनं आपल्या हातानं चाचपून बघितले.

"बाई, तुमचे हात गार हायत," ती म्हणाली. "ऊन करून या. मग देते."

नर्सबाई आत गेल्या आणि गरम पाण्यात हात बुडवून, पुसून परत आल्या.