ओटोबद्दल एकच ओळ

अर्पिताने ‘नियंत्रण सुटले’ हे शब्द खोडले आणि लॅपटॉप घेऊन ती ओट्यावर वडिलांशेजारी येऊन बसली.

“आप्पा, गाडी ताब्यात राहिली न्हाई की तुमी ड्रायव्हर लोक काय म्हणता?”

“हातची गेली म्हणतो.” शेंगा फोडता फोडता दत्तराव थांबले. “कुनाची गेली?”

कॉलेजने इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशासाठी लेख वाटून दिले होते. अर्पिताच्या वाट्याला युर्गन हेल्डर आला होता, सत्तर वर्षांपूर्वीचा जर्मन रेसिंग ड्रायव्हर. विषय सांगितला की आप्पा उठून जातील, असं तिला वाटलं होतं. झरी-परभणी रस्त्यावर वीस वर्षं जीप चालवलेला हा माणूस. पण बारा वर्षांपूर्वी अपघातात गुडघा गेला, तेव्हापासून गाड्यांचा विषय निघाला की त्यांना गोठ्यातलं काहीतरी काम आठवायचं.

आज मात्र त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. “वाच की.”

हेल्डर पाववाल्याचा मुलगा. युद्धातून परतला तेव्हा घर पडलेलं, भट्टी विझलेली. ओटो नावाच्या मेकॅनिक मित्राला घेऊन त्याने भंगारातलं इंजिन आणलं आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये पहिली गाडी जोडली. गाडी तयार झाल्यावर कळलं की ती दारातून निघतच नाही. दोघांनी भिंत पाडली.

दत्तराव खुदकन हसले. “मग?”

मग पाच वर्षांत अकरा शर्यती जिंकल्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो सगळा रस्ता पायी चालून बघायचा. छप्पन साली, सरावाच्या वेळी, जंगलातल्या एका सोप्या वळणावर गाडी वळलीच नाही; सरळ झाडांत गेली. वय तेहतीस.

“सोपं वळण व्हतं?”

“तसंच लिहिलंय.”

“आन् तो मेकॅनिक?”

“लोक म्हणाले, ब्रेक फेल झाले असतील. त्याच्याबद्दल एकच ओळ हाय. त्याने पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही.”

“ब्रेक कुनी तपासले न्हाईत?”

“गाडी जळून गेली व्हती.”

“मग पोटापाण्याला काय केलं त्यानं?”

हे अर्पिताच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने शोधलं, जर्मन पानं यंत्राकडून भाषांतर करून घेऊन वाचली. ओटो कुठेच नव्हता. संध्याकाळी जेवताना आप्पांनी विचारलं, “घावला का?” दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी ती वैतागली.

“लेख हेल्डरचा हाय, आप्पा. तुमी त्या मेकॅनिकचं काय घेऊन बसलात?”

दत्तराव उठले. खुंटीवरचा धुतलेला सदरा अंगात घालून ते म्हणाले, “राणीसावरगावला यायलीस का? गंगाखेडला गाडी बदलावी लागंल.”

का, हे त्यांनी वाटेत सांगितलं नाही. गावाबाहेरच्या पत्र्याच्या घरापुढे एक माणूस शेळ्यांना पाला टाकत होता. तो वळल्यावर अर्पिताला ओळख पटली. आदिनाथ मिस्त्री. झरीच्या फाट्यावर त्यांचं गॅरेज होतं. आप्पांची जीप पुलावरून खाली गेली, त्यात गल्लीतल्या सुलाबाई दगावल्या. ब्रेक लागलेच नाहीत, असं आप्पांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आदल्याच दिवशी मिस्त्रींनी ते दुरुस्त करून दिलेले. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी गाडी टाकली नाही. सहा महिन्यांत ते सासुरवाडीला निघून आले.

“बसा,” आदिनाथ बाजेकडे न बघताच म्हणाले.

दत्तराव बसले नाहीत. दुखऱ्या पायावरचा भार त्यांनी दुसऱ्या पायावर घेतला.

“मिस्त्री, ब्रेक चांगले व्हते. म्या दाबलेच न्हाईत. मला डुलका लागला व्हता.”

अर्पिता वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुलावरची ती दुपार तिने आजवर लोकांच्या तोंडून शंभर वेळा ऐकली होती. अशी कधीच नाही.

आदिनाथांच्या हातातली फांदी शेळी ओढत होती. त्यांनी ती सोडून दिली आणि घराकडे तोंड करून हाक मारली.

“बबिता! जरा भायेर ये.”

पिठाच्या हातांनी त्यांची बायको दारात आली. पाहुण्यांना ओळखताच उंबऱ्यातच थबकली.

आदिनाथ मधून बाजूला झाले.

“आता परत सांगा,” ते म्हणाले. “हिच्या देखत.”