एका बाहीचा कोट

जनावरांच्या त्या दवाखान्यात डॉक्टर एकच होते, पण लोक यायचे ते ताईच्या भरवशावर. डॉक्टर हाताने चांगले आणि तोंडाने आंबट. मांजराला ताप आला तरी आधी मालकाला झापायचे. ताई कागदोपत्री मदतनीस. म्हणजे जनावर घट्ट धरायचं, फरशी पुसायची आणि अधूनमधून चावून घ्यायचं. एकोणीस वर्षांत तिच्या दोन्ही हातांना मिळून सत्तावीस टाके पडले होते. त्यातले चार एका सशामुळे पडले होते, हे ती कुणाला सांगत नसे.

तिचं खरं काम मात्र वेगळंच होतं. एखादं जनावर बरं होण्यापलीकडे गेलं आणि डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, की ताई पुढे व्हायची. मालकाच्या कोपराला हात लावून त्याला सुईकडून अलगद आपल्याकडे वळवायची आणि म्हणायची, "याची एखादी गंमत सांगा ना."

माणूस आधी गडबडायचा. ही काय वेळ आहे का, असं काहीतरी पुटपुटायचा. पण ज्याने जनावर पाळलंय त्याच्याकडे गंमत नाही असं होतच नाही. तो सांगायला लागायचा, ओळखीच्या आवाजाने जनावर निवांत पडून राहायचं आणि सांगता सांगता माणूस चक्क हसायचाही. तेवढ्यात डॉक्टर एक सुई गुंगीची आणि दुसरी शेवटची देऊन मोकळे व्हायचे. "झालं," ते म्हणायचे, आणि गोष्ट जिथे असेल तिथे तुटायची. पुढे काय झालं, हे ताईने कधी कुणाला विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? ती पांढरी चादर आणायला जायची.

त्यामुळे तिच्याकडे गोष्टींचा ढीग होता आणि शेवट एकीलाही नव्हता.

शेवट लावायचे ते तिचे बाबा. बाबा शिंपी. नजर अधू झाली म्हणून दुकान बंद करून बसले होते, पण काठ न मारलेलं कापड बघितलं की अजून त्यांचा हात शिवशिवायचा. गोष्टींचंही तसंच. संध्याकाळी ताई घरी आली, हातपाय धुऊन बसली, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज कोण गेलं?" मग ताई सगळं करून दाखवायची. कोपराला हात कसा लावला, काय म्हणाली, समोरचा कसा बावरला, सगळं.

एका मास्तरांचं कासव घरातून नाहीसं झालं आणि तीन वर्षांनी एका सकाळी आपल्या पायांनी दारात हजर झालं. पाठीवर कुणीतरी लाल रंगात सातचा आकडा काढलेला. एवढ्यात डॉक्टर म्हणाले होते, झालं.

"उघड आहे," बाबा म्हणाले. "शर्यतीत सातवा आला. पहिल्या सहांना बक्षीस होतं, याला घरी पाठवला."

एका बाईंचा कुत्रा गल्लीभर फिरून लोकांचे जोडे पळवून आणायचा, पण फक्त डाव्या पायाचे. बत्तीस जोडे झाले तेव्हा बाईंनी... झालं.

"पलीकडच्या गल्लीत उजवे आणणारा दुसरा कुत्रा असणार," बाबा म्हणाले. "दोघं मिळून दुकान टाकणार होते. बोलणी फिसकटली." आणि स्वतःच इतके हसले की ठसका लागला.

असे शेकडो शेवट. ताईला त्या कामाचा वीट आला नाही याचं कारण ते शेवट होते. दिवसा तिने जे मरताना पाहिलं, ते संध्याकाळी बाबांच्या तोंडून पुन्हा उठून चालायला लागायचं.

मग बाबांचंच पोट दुखायला लागलं. महिनाभर त्यांनी ते अंगावर काढलं, आणि ताईही ओवा-सोडा देत राहिली. मुक्या जनावराचं दुखणं चालीवरून ओळखणाऱ्या बाईला घरातल्या माणसाचं कळलं नाही, हे तिच्या मनाला फार लागलं. मोठ्या इस्पितळात पोट उघडलं. आत बघितलं. पुन्हा शिवून टाकलं. मोठ्या डॉक्टरांनी ताईला आणि तिच्या थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं की काढण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळीकडे पसरलंय. दोन आठवडे, फार तर तीन.

दादा बाहेरच्या बाकावर बसून रुमालात तोंड घालून रडला. मग तोंड धुऊन आला आणि त्याने फर्मान काढलं. "बाबांना एक अक्षर कळता कामा नये. गाठ होती, काढली, संपलं. आत्याचं काय झालं आठवतंय ना?"

ताईला आठवत होतं. आत्याला तिच्या आजाराचं नाव कुणीतरी सांगून टाकलं, तशी तिने भिंतीकडे तोंड केलं. जेवण सोडलं, बोलणं सोडलं. चार दिवसांत खेळ आटोपला. आत्या बाबांची सख्खी बहीण. एका हाडाची माणसं. बाबांनीही तशीच हाय खाल्ली तर जे दोन आठवडे हातात आहेत तेही जातील, अशी भीती ताईला वाटली. तिने दादाला वचन दिलं.

वचन देणं सोपं होतं. बाबांसमोर बसणं अवघड. तिसऱ्या दिवशी सिस्टर ड्रेसिंग बदलायला आल्या, तेव्हा बाबा मान उचलून स्वतःच्या पोटाकडे बघत बसले.

"टाके लांब टाकलेत," ते म्हणाले. "घाईत उरकलंय. अशी शिलाई आम्ही नुसती टाचून ठेवताना घालायचो. आत केलं काय यांनी?"

"गाठ काढली, बाबा."

"केवढी?"

ताईने अंगठा आणि बोट जोडून सुपारीएवढं काहीतरी दाखवलं. बाबांनी त्या बोटांकडे बघितलं आणि मान खाली टेकली.

पाचव्या दिवशी दुपारी दुखणं वाढलं. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. नुसतं कळ थांबवायचं औषध, रोजचंच. पण बाबांच्या हाताच्या शिरा आत ओढल्या गेल्या होत्या. एकदा टोचलं, सापडली नाही. दुसऱ्यांदा टोचलं, बाबांनी हात ओढला. तिसऱ्यांदा सुई जवळ आली तसं त्यांचं अंग आक्रसलं, आणि ताईच्या हाताने तिला न विचारता आपलं काम केलं. तो बाबांच्या कोपराला गेला. त्यांना अलगद आपल्याकडे वळवलं. आणि एकोणीस वर्षांच्या सवयीच्या, मऊ, ठेवणीतल्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, एखादी गंमत सांगा ना."

शब्द बाहेर पडले आणि तिचं तिलाच ऐकू आले. तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

बाबांनी आधी कोपरावरच्या तिच्या हाताकडे बघितलं. मग सिस्टरच्या हातातल्या सुईकडे. त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "हो आजोबा, सांगा ना, आम्हीपण ऐकू." शीर सापडली. औषध गेलं. सिस्टर कापूस दाबून पुढच्या खाटेकडे वळल्या. बाबा अजून ताईकडेच बघत होते.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे आपला नंबर लागला."

"काहीतरीच काय! सवय आहे हो. तोंडात बसलंय ते वाक्य."

"एकोणीस वर्षांत हे वाक्य तू जगणाऱ्याला कधी म्हणालीस?"

ताईने आठवून बघितलं. खरंच, बाबांची शपथ, तिने आठवून बघितलं. एखादा कुत्रा, एखादी शेळी, नुसती लस टोचताना, नखं कापताना. एकही नव्हतं. लबाडी करायची तर तेवढ्या वेळात कुणीही केली असती, पण ती आठवत बसली आणि तेच उत्तर झालं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतक्या माणसांना तिने धीर दिला होता आणि इथे तिला नाक पुसायला पदर सापडेना.

"दादाला माहीत आहे?" बाबांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

"मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. हाय खाईल तो. कितीसे दिवस?"

"दोन आठवडे. त्यातले पाच गेले."

बाबा वर पंख्याकडे बघत राहिले. ताई त्यांच्या मानेवर नजर ठेवून होती. आता भिंतीकडे वळणार, आता वळणार. भिंत डाव्या हाताला होती. बाबा उजवीकडे वळले, तिच्याकडे.

"तुमच्या डॉक्टरांची सुई बरी," ते म्हणाले. "शीर शोधत बसत नाहीत." आणि मग, "गंमत मागितलीस ना? ऐक मग."

आणि ते सांगायला लागले. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका नवरदेवाचा कोट शिवायला आलेला. चांगलं राखाडी कापड, त्याच्या आजोबांनी परदेशातून आणलेलं, तसं दुसरं गावात नाही. बाबांनी आठ दिवस जीव ओतून कोट शिवला, इस्त्री केला आणि वाफ जायला दाराशी टांगला. शेजारच्या धोब्याची बकरी तिथेच फिरायची. बाबा आत बटण शोधायला गेले ते बटण घेऊन बाहेर येईपर्यंत बकरीने डावी बाही खांद्यापर्यंत संपवली होती.

"आणि खाऊन वर माझ्याकडे बघते," बाबा म्हणाले. "म्हणजे, दुसरी कुठाय?"

ताईला रडता रडता हसू फुटलं. शेजारच्या खाटेवरचा माणूसही कान देऊन ऐकत होता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न. आणि तेवढ्यात नवरदेव दारात उभा. न्यायला आलाय. एक बाही माझ्या हातात, एक बकरीच्या पोटात." बाबा थांबले. डोळे मिटले.

"मग?"

"मग काय. पुढचं तू सांग."

"बाबा, असं काय करता!"

"सगळे शेवट मीच लावत बसू का जन्मभर?" ते म्हणाले. औषधाने त्यांची जीभ जड झाली होती. "एक तरी तू लाव."

संध्याकाळी दादा आला, हातात फळांची पिशवी आणि चेहऱ्यावर उसनं हसू घेऊन. "काय बाबा, आज तरतरीत दिसताय! पुढच्या आठवड्यात घरी." बाबा म्हणाले, "हो रे, इथलं जेवण काही मला मानवत नाही. आणि मशीनला तेल घालून ठेव, गंजेल." दादा बाहेर येऊन ताईला म्हणाला, "बघ, काही कळलेलं नाही. म्हणून टिकलेत."  ताई आता दादाला दोन बाजूंनी फसवत होती, वचन मोडून आणि वर ते लपवून, आणि तो भार उचलताना तिचा जीव मेटाकुटीला आला.

रोज दुपारी मात्र बाबा विचारायचे, "कोटाचं काय झालं?" ताईने प्रयत्न केला. तसंच कापड दुसऱ्या गावी मिळालं, ती म्हणाली. "मिळत नाही म्हणून सांगितलं ना." मग नवरदेवाने शाल पांघरली. "आठ दिवसांची मेहनत शालीखाली? गिऱ्हाईक नेणार नाही." मग बकरीलाच लग्नात बोलावलं. यावर बाबा थोडे हसले, पण म्हणाले, "हसू येतंय, बाही येत नाहीये." दिवसागणिक त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटचे दोन दिवस त्यांनी नुसत्या भुवया उचलून विचारलं, आणि ताईने नुसती मान हलवून नाही म्हटलं.

त्या इंजेक्शनच्या दुपारनंतर अकराव्या दिवशी बाबा गेले. दोन आठवड्यांच्या हिशेबापेक्षा दोन दिवस जास्तच काढले त्यांनी. कोट तसाच राहिला, एका बाहीचा. ताईने दादाला विचारलं, तर त्याला मुळात अशी काही बकरी होती हेच माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी ताई कामावर परत आली.  तिच्या खुर्चीवर ठेवलेली औषधाची खोकी डॉक्टरांनी उचलून खाली ठेवली, आणि त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं. पहिले दोन दिवस खरूज आणि जंत यांत गेले. तिसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्या बाई त्यांच्या म्हाताऱ्या तांबड्या कुत्र्याला चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ताई पुढे झाली. कोपराला हात लावला. पण वाक्य येईना.  डॉक्टर सुई भरून थांबले होते.

"मला माहितीय तुम्ही काय विचारता ते," लाँड्रीवाल्या बाईच म्हणाल्या. "मी येताना ठरवूनच आलेय." आणि कुत्र्याच्या कानामागे खाजवत सांगायला लागल्या. "हा एकदा एकटाच बसमध्ये चढला. मी थांब्यावर कपड्यांचं गाठोडं उचलतेय तोवर हा आत. खिडकीजवळ जागा पकडून बसला, मोठ्या साहेबासारखा. बस सुटली. मी मागे धावतेय, ओरडतेय, आणि हा खिडकीतून माझ्याकडे बघतोय, जसं काही मीच चुकलेय. शेवटच्या थांब्यापर्यंत गेला हो मेला, शहराच्या पार टोकाला..."

"झालं," डॉक्टर म्हणाले.

बाई थांबल्या. सगळेच थांबतात. त्यांचा हात कानामागेच राहिला. आता ताईने चादर आणायला जायचं. ती जागची हलली नाही.

"पुढे काय झालं?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी मान वर केली. असा प्रश्न त्यांनी या खोलीत कधी ऐकला नव्हता.

बाईंनी मनगटाने डोळे पुसले. "कशाचं?"

"बसचं. शेवटच्या थांब्यावर गेला, मग?"

"मग काय. मी काम टाकून संध्याकाळपर्यंत तिथेच उभी. म्हटलं, गेला आता हा. तर त्याच बसने परत आला. त्याच खिडकीत."

"परत आला," ताई म्हणाली.

"हो ना. खाली उतरला आणि आधी मलाच भुंकला."

ताईने मान डोलावली. मग आत जाऊन कपाटातून पांढरी चादर काढली, आणि ती तशीच छातीशी धरून थोडा वेळ कपाटासमोर उभी राहिली. बाहेरून डॉक्टरांनी हाक मारली नाही.