सातव्या ट्रॅकवरची गिटार

"बाबा, हातातला पाना ठेवा आणि आत्ताच्या आत्ता माझ्या ऑफिसात या! आईलाही घेऊन या."

"अगं, लिफ्ट उघडी पडलीय. लोक जिने चढतायत आणि मला शिव्या घालतायत."

"मग जोडा आणि या. पण या!"

लेकीने फोन ठेवला आणि फीत पुन्हा सुरुवातीला आणून ठेवली. ध्वनिसंग्रहात जुन्या फिती संगणकावर उतरवणं हे तिचं काम. दमटपणाने चिकटलेलं रीळ चोपन्न अंशांवर आठ तास शेकायचं, मगच यंत्रावर चढवायचं. आज शेकून निघालेलं रीळ एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं होतं. एकच गाणं, बावीस मिनिटांचं. फितीवर शेजारी शेजारी, वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले सोळा ट्रॅक, त्यातले नऊ नुसत्या सिंथेसायझरचे.

या गाण्यात आपण साधी लाकडी गिटार वाजवलीय, असं बाबा तीस वर्षं सांगत आले होते. रेकॉर्ड लावावी तर गिटारचा मागमूस नाही, कव्हरवर नावही नाही. लिफ्टवाल्या सोबत्यांनी त्यांचं नावच 'बावीस मिनिटं' ठेवलं होतं. आई म्हणायची, "आमच्या घरी एका गोष्टीला तोटा नाही, थापांना." कॉलेजात गेल्यावर लेकीनेही त्यांच्यावर विश्वास ठेवणं सोडलं होतं.

डब्यावरच्या यादीत सातव्या ट्रॅकसमोर लिहिलं होतं, 'वाट दाखवण्यापुरती. नंतर पुसा.' इतरांना लय सापडावी म्हणून आधी गिटार घ्यायची आणि सगळी वाद्यं चढली की ती पुसायची, अशी त्या बँडची रीत. पुसायचं कुणीतरी विसरलं होतं. रेकॉर्ड बनवताना नुसता त्याचा आवाज शून्यावर ओढला होता. तिने बाकीचे पंधरा ट्रॅक बंद केले, सातवा वर चढवला आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिली. शेवटपर्यंत ऐकलं आणि मग फोन उचलला होता.

तासाभरात दोघं आली. बाबांच्या बाह्यांना वंगण लागलेलं. पहिली तार वाजली मात्र, ते ओरडले, "हीच! हीच ती! तिसरी तार जरा उतरलीय बघ!"

"कुणाचीही असेल," आई म्हणाली. "गिटारवर काय नाव कोरलेलं असतं?"

"आई, शेवट येऊ दे गं."

शेवटची तार विरली. खुर्ची करकरली. मग एक कोवळा, ओळखीचा आवाज आला, "झालं का बरोबर? ... अहो, कुणी आहे का?"

पुढे फितीची नुसती खरखर.

"सगळे चहाला गेले होते," बाबा हसत म्हणाले. "मी तसाच बसून राहिलो. म्हटलं, कुणीतरी सांगेल."

आईने खुर्ची पुढे ओढली. बाबांकडे नाही, स्पीकरकडे बघत ती म्हणाली, "झालं हो. अगदी बरोबर झालं."