इब्राहिमियाचा तिसरा मजला

माझ्या उजव्या हाताची चार बोटं सब्रीने घालवली. सब्री म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, नगातचा नवरा. अलेक्झांड्रियातल्या एकाच बेकरीत आम्ही दोघं पीठ मळायचो. त्या दिवशी यंत्र बंद करून मी अडकलेला गोळा हाताने काढत होतो, आणि सकाळीच ब्रँडी ढोसून आलेल्या सब्रीने बटण दाबलं. पोलिसांना मी सांगितलं, यंत्र आपोआप सुरू झालं. नगातच्या दोन मुली अजून शाळेत होत्या, म्हणून सांगितलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना मात्र खरं काय ते कळलं होतं. माझी पट्टी बदलताना त्यांनी नगातच्या हातात एक फोन नंबर ठेवला. तिने फोन लावला. पलीकडच्या माणसाने नाव काही सांगितलं नाही.

"गुरुवारी सहा वाजता. इब्राहिमियात चर्चच्या मागची इमारत, तिसरा मजला. आम्ही सगळे दारू सोडू बघणारेच आहोत. जागा तेवढी चर्चची, पूजाबिजा काही नाही. न पिता आला तर बरं. पिऊन आला तरी येऊ दे."

"चर्चमध्ये?" सब्री म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"दहा वर्षं म्हणतायत तेच म्हणतील," नगात म्हणाली.

पहिल्या गुरुवारी तो एकटाच गेला. चर्चच्या फाटकावर पहाऱ्याला पोलीस असतो, ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाही. ओळखपत्रावर नाव मुसलमानाचं. काय काम आहे म्हणून विचारल्यावर हा म्हणाला, पाण्याचा पंप दुरुस्त करायला आलोय. सोबत पाना नाही की पक्कड नाही. पोलिसाने हाकलून दिला. तिथून तो सरळ प्यायला गेला. घरी येऊन त्याने तमाशा मांडला, आणि नगात आडवी आली तेव्हा तिला जिन्यावरून ढकललं. तिचं मनगट मोडलं. मुलींना घेऊन ती माझ्याकडे आली.

"दादा, येत्या गुरुवारी त्याला तिथे पोचतं कर," ती म्हणाली.

"मी? मी त्याला समुद्रात पोचतं करीन."

"खुशाल कर. पण गुरुवारनंतर."

गेलो. ट्राममधून उतरल्यापासून तो माझ्या दोन पावलं पुढे चालत होता, मान खाली घालून. फाटकावर तोच पोलीस होता.

"काय रे, पाना आणलास का आज?"

मागे रांगेत एक म्हातारी होती, एक नवरा-बायको होते. सब्रीने ओठ चाटले. मला वाटलं आता पळणार. मी त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"मी दारुडा आहे," तो म्हणाला. "वर दारू सोडवणारे बसतात, त्यांच्याकडे जायचंय."

"काय? मोठ्याने बोल."

"दारुडा आहे मी!"

म्हातारी पुटपुटत बाजूला सरली. पोलीस हसायला लागला होता, पण माझ्या हाताकडे लक्ष गेलं तसा थांबला. "हा कोण?"

"बायकोचा भाऊ."

त्याने ओळखपत्रं परत दिली. "जा. लिफ्ट बंद आहे."

मी आत गेलो नाही, तिसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसलो. खोलीचं दार नीट लागत नव्हतं. आत सहा-सात माणसं असावीत. एकेकाचं बोलून झालं. मग सब्रीचा आवाज आला.

"माझं नाव सब्री. मी पितो. माझ्या मेहुण्याचा हात यंत्रात गेला. यंत्र आपोआप सुरू झालं. त्या दुःखाने पिणं वाढलं."

कुणीतरी म्हणालं, आलास ते बरं झालं. मी जिन्यात बसून राहिलो. उठून आत जावं आणि हात त्याच्या तोंडासमोर धरावा असं वाटलं.

परतताना ट्राममध्ये मी विचारलं, "आपोआप सुरू झालं?"

"तूच तर पोलिसांना सांगितलंस."

"पोलिसांना सांगितलं. तुला नाही."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. पुढच्या गुरुवारी मी गेलो नाही, तो मात्र गेला. तिथे काय बोलला ते मला माहीत नाही.

आठव्या आठवड्यात एके सकाळी तो बेकरीत आला, मालकासमोर उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बटण मी दाबलं होतं. मी प्यायलो होतो."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

सब्रीला त्याने तिथल्या तिथे कामावरून काढलं. मला रोट्या देण्याच्या खिडकीवर ठेवलं, पण त्या दिवसापासून मालक माझ्याशी बोलत नाही. सब्री दोन दिवस पीत राहिला. तिसरा दिवस गुरुवार होता. उलटीने माखलेला सदरा बदलून तो इब्राहिमियाला गेला.

आता तो बंदरावर गोण्या वाहतो. मधे पुन्हा एकदा प्यायला, पण गुरुवारचं जाणं सोडलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्यानेही कधी माफी मागितली नाही. नगात अजून माझ्याकडेच राहते, तिचं मनगट वाकडंच जुळलंय. शुक्रवारी दुपारी समुद्राकाठी तो मुलींना भेटतो, तेव्हा ती पलीकडच्या बाकावर पाठ करून बसते. परवा धाकटीने त्याला खाली वाकायला लावलं, तोंडाचा वास घेतला, आणि मगच त्याचा हात धरला.