दिपमालासाठी प्रार्थना

मृणाली रडली नाही, याचाच सिस्टर लिसींना जास्त राग आला. चुकलेली मुलगी ऑफिसात आली की रडते, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. ही दहावीतली पोरगी मात्र ताठ उभी राहून एकच सांगत होती, की पवित्र भाकर मी घेतलेली नाही, माझ्या गाण्यांच्या पुस्तकात ती दुसऱ्या कुणीतरी ठेवली.

जळगावच्या त्या कॉन्व्हेंट शाळेत ख्रिस्ती मुली मोजक्याच होत्या. वसतिगृहातल्या बाकीच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान. रविवारच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, सगळ्याच बसत, पण भाकर घ्यायची वेळ आली की बाकीच्यांनी छातीवर हातांची फुली करून फादरांपुढे जायचं आणि नुसता आशीर्वाद घेऊन परतायचं, असा नियम होता. दिसायला ती कागदासारखी पातळ, पांढरी चकती, पण ख्रिस्ती माणसासाठी साक्षात प्रभूचं शरीर. ती तिथल्या तिथे तोंडात घालायची असते. लपवून नेणं म्हणजे केवढं पाप, हे ख्रिस्ती घरातल्या लहान पोरींनाही ठाऊक होतं. आणि त्या रविवारी दुपारी, नाताळच्या गाण्यांच्या तालमीत, मृणालीने पुस्तक उघडलं तर ती चकती सगळ्यांदेखत फरशीवर पडली.

कुणाचं काम ते मृणालीला माहीत होतं. तिच्या शेजारी बसणारी दिपमाला, चोपड्याच्या केळीवाल्या पाटलांची लेक, सकाळी वेदीकडून मूठ आवळून परतली होती. फादर नवे होते, पुढे आलेला हात पाहून त्यांनी भाकर ठेवली असणार. मृणालीने हे सिस्टरांना सांगितलं, तेव्हा दिपमालाला बोलावणं गेलं. ती आली ती मान खाली घालून, पण जीभ काही अडखळली नाही तिची.

"सिस्टर, मृणाली बौद्ध आहे," ती म्हणाली. "त्यांच्यात देव मानत नाहीत."

झालं. एवढ्या एका वाक्यावर निकाल लागला. या मुलीच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लावून वंदना होते, दुसऱ्याच्या देवाला कधी पाय लागू द्यायचा नाही असं तिला शिकवलेलं आहे, हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही. धुळ्याहून तिच्या आईला, सविताला, बोलावून घेतलं. सविता दवाखान्यात नर्स होती, मोठ्या डॉक्टरलाही तोंडावर सुनावायला कमी न करणारी. ती ड्यूटी सोडून एसटीने धावत आली आणि लेकीला एक शब्द विचारायच्या आत तिने सिस्टरांपुढे हात जोडले. पोर चुकली, दहावीचं वर्ष आहे, सांभाळून घ्या, म्हणाली. मृणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिपमाला दारात उभी राहून बघत होती. हिला मी सोडणार नाही, असं मृणालीने तिथेच ठरवलं.

शिक्षा ठरली. नाताळच्या गाण्यांतून मृणालीचं नाव काढलं आणि तिच्या जागी उभी केली कुणाला, तर दिपमालाला. शिवाय मन शुद्ध व्हावं म्हणून नाताळपर्यंत रोज सकाळी माइकवर प्रार्थना मृणालीने सांगायची. कधी आजाऱ्यांसाठी, कधी परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. ती बोलायची आणि शेवटी सगळ्या शाळेने आमेन म्हणायचं. सिस्टर लिसींनी भोळेपणाने कुणाच्या हातात काय दिलं होतं, ते त्यांना पुढे कळलं.

पहिल्या सकाळी मृणालीने हात जोडले, डोळे मिटले आणि गोड आवाजात म्हटलं, की हे प्रभू, जिच्या हातून तुझ्या भाकरीचा अपमान झाला तिला क्षमा कर. सिस्टरांना भरून आलं, पोरगी वाटेवर आली म्हणून. आमेन, सगळी शाळा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मृणालीने त्या मुलीला खरं बोलायचं बळ मागितलं. मग, दुसऱ्याच्या आईला मान खाली घालायला लावणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी मागितलं. मग, खरं बोलेपर्यंत तिला अन्न गोड लागू नये, असं मागितलं. आमेन. सगळ्या पोरींच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळायला लागल्या. सिस्टरांना आता संशय यायला लागला होता, पण शब्दांत खोट काढायला जागा नव्हती, आणि प्रार्थना थांबवा असं कुठल्या तोंडाने सांगणार?

मेसमध्ये दिपमालाच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. तिचं ताट तसंच परत जायला लागलं, गाताना आवाज फाटायला लागला. मृणालीला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं. सकाळी ती गजर व्हायच्या आधी उठे, आज काय मागायचं याचा विचार करत वेणी घाली.

शेवटी मधल्या सुट्टीत मारियामातेच्या पुतळ्यामागे दिपमालाने तिला गाठलं. दोघी एकट्या असल्या की गावाकडची अहिराणीच बोलत.

"तू ते बंद कर," दिपमाला म्हणाली. "माले झोप येत नही."

"बठ्ठासना म्होरे सांग," मृणाली म्हणाली. "मग बंद करसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमाला माइकपाशी गेली आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भाकर आपणच घेतली होती. चोपड्याला आजी अंथरुणाला खिळलीय, तिच्यासाठी रुमालात बांधून न्यायची होती, देवळातून आपण प्रसाद नेतोच ना, तशी. मग कुणीतरी म्हणालं की हे मोठं पाप, तेव्हा घाबरून हाताशी आलेल्या पुस्तकात सरकवली. एवढं बोलून ती हुंदके द्यायला लागली. सिस्टर लिसींनी पुढे होऊन तिला पोटाशी धरलं. केवढं धैर्य लागतं खरं बोलायला, असं त्या सगळ्यांना सांगू लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्या शाळेने वाजवली.

मृणाली बघत राहिली. तिला वाटलं होतं हिची छीथू होईल. इथे तर सत्कार चालला होता.

सिस्टरांनी माइक तिच्यापुढे धरला आणि हसून म्हणाल्या, "आता सगळ्यांसमोर सांग, मृणाली. दिपमालाला माफ केलं."

"नाही केलं," मृणाली म्हणाली.

सिस्टरांचं हसू गेलं. मग इतके दिवस तिच्यासाठी प्रार्थना कसली करत होतीस, त्यांनी विचारलं.

"ती झुरावी म्हणून."

"ही प्रार्थना नव्हे, मुली."

"मग तुम्ही रोज आमेन का म्हणत होतात?"

माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. सिस्टरांनी घाईघाईने माइक बंद केला. मृणाली आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. दिपमाला अजून रडत होती, मुली तिला पाणी देत होत्या, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं. आजी आजारी आहे हे ऐकूनही मृणालीला तिची दया आली नाही. पोर चुकली नव्हती हे सांगायला धुळ्याला मृणालीच्या आईला अजून कुणीच फोन केला नव्हता.