उजव्या वाटीचा पाना

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो. मला कोणी हातात घेतले की माझ्या मनात आधी शंकाच येते: मला कुठल्या बाजूला फिरवायचे, हे याला ठाऊक आहे का?

माझा जन्म बेल्जियममधल्या रोन्से गावचा. तिथल्या कापडगिरणीत ओडिलोन नावाचा फिटर होता. मोडीत निघालेल्या मागाची एक लोखंडी पट्टी त्याने घरी आणली, कापली, घासली आणि मला घडवले. सायकलची पायडले ज्या दांड्यावर फिरतात, त्याच्या दोन टोकांना छर्‍यांच्या दोन वाट्या असतात. त्यातली उजवी वाटी सोडवणे एवढेच माझे काम. तिची कड इतकी बारीक, की साधा पाना घसरतो. शिवाय तिचे आटे उलटे. सारे जग जिकडे फिरवून घट्ट होते, तिकडे ती सैल होते. म्हणून ओडिलोनने छिन्नीने माझ्या पाठीवर एक बाण कोरला. बाणाकडे फिरवले की वाटी सुटणार.

घराच्या मागच्या खोलीत भिंतीवर त्याने प्रत्येक अवजाराची आकृती रंगवली होती. मागचे दार उघडेच असे. गल्लीतल्या कोणीही यावे, हवे ते अवजार न्यावे आणि रिकाम्या खिळ्यावर आपली टोपी अडकवून जावे, असा रिवाज होता. मला तर सगळे डोक्यावर घेत. तेव्हा मला संशय म्हणजे काय ते माहीतच नव्हते.

एका गुरुवारी समोरच्या बेकरीतला वानेस आला. रविवारी जत्रेतली सायकलशर्यत होती आणि त्याने एक जुनी इटालियन सायकल मिळवली होती. ओडिलोन गिरणीत होता. वानेसने आपली निळी टोपी अडकवली आणि मला नेले. बाणाकडे फिरवले, वाटी हलेना. मग त्याने माझ्या दांड्यावर लांब नळी चढवली आणि तिच्यावर उभाच राहिला. आतले आटे फाटले आणि सायकल कायमची निकामी झाली.

"मुद्दाम उलटा बाण कोरलाय!" वानेस ओरडला. "ओडिलोनचा भाऊ शर्यतीत आहे ना! मी उतरूच नये म्हणून!"

त्याने मला पिठाच्या डब्यांमागच्या खणात कोंडले. शर्यत त्याच्या दारावरून गेली, तेव्हा तो बाहेरही आला नाही. तिकडे ओडिलोन म्हणे टोपीकडे बघून रोज म्हणायचा, "माझा पाना ढापून सायकलदुरुस्तीचं दुकान काढणार हा." रस्ता ओलांडून विचारायला मात्र दोघांपैकी कोणी गेले नाही. आणि मी? मी अंधारात गंजत पडलो आणि माझ्याच पाठीवर संशय घेऊ लागलो. ज्याने मला घडवले, त्याने माझ्यावर खोटे कोरले असेल का? मित्रांनो, गंजापेक्षा ते जास्त लागले.

अशी एक्केचाळीस वर्षे गेली. मग एके दिवशी ओडिलोनची मुलगी गोडेलीव्ह बेकरीच्या दारात उभी राहिली.

"वानेसकाका, आमचा पाना तुमच्याकडे आहे?"

"बापानं पाठवलं वाटतं?"

"त्यांना कळलं तर घरात घेणार नाहीत मला. त्यांच्या काळ्या सायकलची उजवी वाटी गंजून बसलीय. यंदा जत्रेला त्याच सायकलवर जायचं म्हणतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, काका. पुढच्या जत्रेचं कोणी सांगावं?"

"मग नवा घे की!"

"तीन घेतले. एक जाडा, कडेवर बसतच नाही. दुसरा घसरला, ही बघा सोललेली बोटं. तिसरा पोस्टानं आला, तोही भलत्याच मापाचा."

वानेसने तिची बोटे पाहिली. मग त्याने खण उघडला.

"ने. पण तो बाण खोटा आहे, सांगून ठेवतो."

"खोटा? कुठल्या सायकलला लावला होता?"

"माझ्या इटालियन सायकलला."

गोडेलीव्हने बाणावर बोट ठेवले. "काका, इटालियन सायकलचे आटे दोन्हीकडे सरळच असतात. हा बाण आमच्या इकडच्या सायकलींचा."

"मग तुझ्या बापानं सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? टोपी अडकवलीत आणि निघालात!"

वानेसने पिठाचे हात पुसले. त्याने मला हातात घेतले आणि स्वतःच रस्ता ओलांडला.

ओडिलोनने त्याला दारात पाहिले. "काय रे, आता आणखी काय न्यायला आलास?"

"बाण खरा होता," वानेस म्हणाला. "मीच दीडशहाणा, ओडिलोन. मला वाटलं, तू डाव साधलास."

ओडिलोनने अंगठ्याने माझ्यावरचा बाण चाचपला. "मीही यायला हवं होतं समोर," तो म्हणाला. "पन्नास पावलं तर होती."

वानेसने काळी सायकल धरली, गोडेलीव्हने मला बाणाकडे फिरवले आणि वाटी कुरकुरत सुटली. मग ओडिलोनने छिन्नी मागितली. वानेसने मला घट्ट दाबून धरले. बाणाखाली ओडिलोनने कोरले, 'इटालियनला उलट'.

मित्रांनो, अवजार नेले तर विचारून वापरा, आणि परत आणा. मनात शंका आली तर तिला खणात कोंडू नका, ती माझ्यासारखी तिथेच गंजते. वानेसची इटालियन सायकल अजून त्याच्या माळ्यावर आहे. ती काही आता जत्रेत धावायची नाही.

त्या दिवशी निघताना वानेसने खिळ्यावरच्या आपल्या निळ्या टोपीला हात घातला, तेव्हा ओडिलोन म्हणाला, "असू दे." रिवाजाप्रमाणे खिळ्यावर एक तर पाना असतो, नाहीतर टोपी. माझ्या खिळ्यावर आता दोन्ही आहेत.