आभाळाचा वाटा

सुंबा बेटावर लग्नाची बोलणी करायची तर मध्ये वुनांग हवाच. दोन्ही घरांनी गप्प बसायचं आणि बोलायचं ते त्यानं. उंबू हापू या कामात मुरलेले, पण त्यांचं नाव जिभेपेक्षा कानांमुळे झालेलं. समोरचा बोलायच्या आधी किती थांबतो, यावरून ते त्याच्या मनातलं ओळखायचे. मुलगी अडखळली की कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी सांगायचं आणि सगळ्यांनी मानायचं.

त्या दुपारी मुलाकडची मंडळी शाळेच्या ओसरीवर पान-सुपारी चघळत बसली होती. मुलगी, रांबू योवा, दूर बाताममध्ये कारखान्यात कामाला. शाळेच्या छपरावर नवीकोरी डिश बसली होती, म्हणून तिचा होकार पडद्यावरून घ्यायचं ठरलं.

"जेवलीस का गं, बयो?" हापूंनी सुरुवात केली.

योवा नुसतीच बघत राहिली. मग म्हणाली, "जेवले, आजोबा."

"तब्येत बरी?"

पुन्हा तसंच. हापूंचा चेहरा उतरला. ते योवाच्या आईकडे, कोंगाकडे वळले. "हिला हे स्थळ नको आहे. अगं, जेवल्याचंसुद्धा विचार करून सांगतेय!"

डिश बसवणारी लिका खो खो हसली. "ती नाही थांबत, आजोबा. तिचा आवाज वाटेत असतो. इथून वर उपग्रहाकडे, तिथून खाली बातामला, आणि उत्तर परत त्याच वाटेनं. त्याला डिले म्हणतात."

म्हातारबुवा लग्नच विसरले. "अख्खा आवाज एकदम जातो?"

"छे! बारीक तुकडे होतात. पॅकेट म्हणायचं. प्रत्येकावर पत्ता आणि नंबर. पलीकडे ओळीनं जोडायचे."

"आणि एखादं हरवलं तर?"

"फोटो असेल तर पुन्हा मागवायचं. बोलण्यात कोण थांबतंय? तेवढा शब्द तुटतो."

"हं. बाजाराला निघालेल्या घोड्यांसारखंच की. एक चरायला घुसला म्हणून बाकीचे थोडेच थांबतात!"

मुलाचे काका खाकरले. "उंबू, आम्ही मुलगी मागायला आलोय, शाळा शिकायला नाही."

"दम धरा. तूप तोलायचं तर आधी रिकामं भांडं तोलावं लागतं."

मग हापूंनी योवाला तिच्या बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं, घरच्या घोडीचा रंग विचारला. दर वेळी ते गुडघ्यावर बोटानं ठेका धरत होते. प्रत्येक उत्तर त्याच ठेक्यावर येत होतं. एवढा आभाळाचा वाटा, हे त्यांना कळलं आणि त्यांना लहान पोरासारखा आनंद झाला.

आता ते ताठ बसले. "रांबू योवा, या घरी नांदायला जाशील?"

बोट गुडघ्यावर पडत गेलं. आभाळाचा वाटा संपला. त्यानंतरही एक श्वास तसाच गेला.

"जाईन, आजोबा."

ओसरीवर एकच गलका झाला. काकांनी पानाची टोपली पुढे केली. वुनांगनं पान उचललं की शब्द पक्का. हापूंनी हात पुढे केला नाही.

"लिका, आत्ता वरती काही बिघडलं का?"

लिकानं यंत्राकडे पाहिलं. "नाही. डिले मघाएवढाच आहे."

"आता पुरे करा!" कोंगा कडाडली. "आवाज वाटेत असतो, आत्ताच ऐकलंत ना?"

"वाटेतला मी वजा केला, कोंगा. उरला तो तिचा आहे."

हे स्थळ हापूंनाही मनापासून आवडलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. ते पडद्याशी वाकले. "बयो, मी यांना नाही म्हणून सांगू?"

बोट पुन्हा पडू लागलं. आभाळाचा वाटा जिथे संपला, तिथेच तिचा आवाज आला, "सांगा, आजोबा."

तिचं न थांबणं या वेळी कोंगालाही ऐकू आलं.  मग तिनंच पानाची टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि तशीच पाहुण्यांना परत केली.